तुटक रेघेतली जागा

आम्हा दोघा भावंडांचं पोट उन्हावर. दादाची लाँड्री आहे. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट तो धुतो आणि गच्चीवर वाळत घालतो. मी इंजिनियर आहे. तेच ऊन पॅनेलांवर घेऊन त्याची वीज किती होईल, आणि रात्रीसाठी त्यातली किती साठवून ठेवावी लागेल, याची गणितं मांडते. दादाला त्याच्या धंद्यात बत्तीस वर्षं झाली, मला माझ्या धंद्यात सव्वीस. आमच्यात जास्त शिकलेलं कोण, हे सगळ्या नात्यागोत्याला पाठ आहे. जास्त शहाणं कोण, हे मला गेल्या वर्षी कळलं. तोवर त्याचा उपयोग उरला नव्हता.

दादाच्या गल्लीत अकरा घरं. गल्लीच्या मागे एक लांबलचक भिंत, आणि भिंतीपलीकडे बंद पडलेल्या काचेच्या कारखान्याचं मैदान. ते मैदान आमच्या कंपनीने डेटा सेंटरसाठी घेतलं. डेटा सेंटर म्हणजे काय, हे वहिनीला सांगताना मी म्हटलं होतं की लोक फोनमध्ये जे जे ठेवतात ते खरं तर फोनमध्ये नसतं, अशा इमारतींत असतं. तिथे कपाटांसारख्या यंत्रांच्या रांगा असतात, त्या दिवसरात्र चालतात, दिवसरात्र तापतात आणि त्यांना दिवसरात्र थंड ठेवावं लागतं. वहिनी म्हणाली, म्हणजे तान्ह्या बाळासारखं. मी म्हटलं, तसंच, फक्त हे बाळ कधी मोठं होत नाही, त्याची भूक तेवढी वाढते.

भुकेचीच अडचण होती. वीज कंपनीने सरळ सांगितलं की या भागातल्या तारांत तेवढा जोर नाही, मागितलीत त्याच्या निम्मी वीज देऊ, उरलेल्याचं तुमचं तुम्ही बघा. ते उरलेलं बघायचं काम माझ्याकडे आलं. मला आनंद झाला होता, हे कबूल करते. मैदान मोठं होतं, ऊन भरपूर होतं. दिवसा पॅनेलांनी इमारतीची उरलेली भूक भागवायची आणि वर बॅटऱ्या भरायच्या, रात्री बॅटऱ्यांनी चालवायचं. अख्खी एक रात्र निघेल एवढ्या बॅटऱ्या मी धरल्या. मालट्रकवर असतात तशा लोखंडी पेट्या, एकूण चौदा, मैदानाच्या मधोमध. डिझेलचे दोन लहान जनरेटर पुढच्या फाटकाशी, अगदीच अडलंनडलं तर. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे धुरकट आराखडे पुसून दुरुस्त केल्यावर पहिल्यांदा एक नकाशा असा झाला होता की तो मी घरी आणून भिंतीला लावला.

परवानगीसाठी आजूबाजूच्या लोकांची संमती लागत होती. शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना हेडबाई म्हणतात, त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की डिझेल किती जाळणार. मी नकाशावर काठी ठेवून दाखवलं, या चौदा पेट्या, यांच्यामुळे जनरेटर महिन्यातून अर्धा तास, तोही चालतात का ते बघायला. हेडबाईंचं समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, नकाशात आमच्या शाळेलाही मैदान होतं.

तेव्हा दादा उठला. चारचौघांत बोलणं दादाला जमत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या लग्नात दोन शब्द बोलायला सांगितलं तर तो पाणी आणायला म्हणून गेला होता. पण त्या दिवशी उठला. त्याच्या चादरींना काजळी चालत नाही. एक काळा ठिपका दिसला तरी इस्पितळ अख्खा गठ्ठा परत पाठवतं, आणि इस्पितळाशिवाय त्याच्याकडे दुसरं मोठं काम नाही. म्हणजे त्या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त कोणाचं काही जायचं असेल तर त्याचं होतं.

"ही माझी बहीण आहे," दादा म्हणाला. "तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बोलायला जायची आणि लगेच पकडली जायची."

लोक हसले. अकराच्या अकरा घरांच्या सह्या झाल्या. हेडबाईंनी सही केली ती दादाकडे बघत, माझ्याकडे नाही.

इथवर सगळं बरं होतं. पुढचं मी माझ्या हाताने केलं.

आमच्या धंद्यात ऊन मोजायची एक रीत आहे. कॉम्प्युटरमध्ये एक नमुना वर्ष मिळतं. वीस-पंचवीस वर्षांतून सगळ्यांत साधा जानेवारी, सगळ्यांत साधा फेब्रुवारी, असे बारा महिने निवडून एकाला एक शिवून ते वर्ष केलेलं असतं. असं वर्ष प्रत्यक्षात कधीच उजाडलेलं नसतं. त्यात वाईट दिवस नसतात असं नाही, पण ते शहाण्यासारखे वेगवेगळे येतात. माझ्या नमुना वर्षात ओळीने तीन दिवसांपेक्षा जास्त आभाळ भरलेलं नव्हतं. सगळे याच वर्षावर आराखडा करतात आणि रात्री शांत झोपतात.

मला झोप लागली नाही, कारण मला दादाची वही आठवली. इस्पितळाशी एकदा उशिरावरून वाद झाला होता, तेव्हापासून दादा रोज संध्याकाळी दोर रिकामे झाले की एक ओळ लिहितो. तारीख, मग 'वाळलं' किंवा 'ओलं', आणि ओलं असेल तर शेवटी कारण. आभाळ. पाऊस. धुकं. एकदा 'सासरे वारले' असंही कारण आहे. बावीस वर्षांच्या चार जाड वह्या. मी त्या मागून आणल्या आणि पंधरा दिवस बसून वाचल्या. सहाव्या वर्षी सापडलं: ओलं, आभाळ. ओलं, आभाळ. ओळीने नऊ दिवस. तेराव्या वर्षी पुन्हा आठ. माझ्या नमुना वर्षाला याचा पत्ताही नव्हता.

मी दादाला विचारलं, त्या नऊ दिवसांत तू काय केलंस. तो इस्त्री करत होता. मान वर न करता म्हणाला, करणार काय, थांबा म्हणून सांगितलं. ऑपरेशनच्या चादरी आधी घेतल्या, इस्त्रीने सुकवून दिल्या. बाकीच्या वॉर्डांना म्हटलं, दोन दिवस तीच वापरा, मी काही ऊन विकत आणू शकत नाही. मग? मग काही नाही, थांबले ते. कुणी मेलं नाही.

मला वाटलं, सापडलं. सव्वीस वर्षांत मी ऐकलेला हा सगळ्यांत चांगला आराखडा होता आणि तो एका लाँड्रीत इस्त्री करताना सांगितला गेला होता. मी तो उचलून, त्याला नीट कपडे घालून बैठकीत नेला. एका रात्रीऐवजी तीन रात्रींच्या बॅटऱ्या घ्या. आणि एखाद्या वर्षी असे आठ-नऊ दिवस आले तर इमारतीने ऑपरेशनच्या चादरी आधी घ्याव्यात. म्हणजे इस्पितळं, बँका, ज्यांचं अडेल त्यांचं काम चालू ठेवावं. लोकांचे जुने फोटो पुन्हापुन्हा चाळून त्यांतली मांजरं मोजण्याचं काम दोन दिवस थांबलं तरी चालेल.

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, गोड माणूस. आवाज कधी चढत नाही. काही कापायचं असलं की ते आधी चष्मा काढून पुसतात. वहीची पानं त्यांनी मनापासून बघितली. एवढी नोंद कुणी ठेवतं का हो आजकाल, असं म्हणाले. मग चष्मा काढला.

नऊ दिवस ऊन नव्हतं, हे पक्कं का? पक्कं. तीन रात्रींच्या बॅटऱ्या नऊ दिवस पुरतील का? मी म्हटलं, नाही, पण काम कमी केलं तर पुरवता येतील. साहेब म्हणाले, आमच्या गिऱ्हाइकाला आम्ही 'थांबा' म्हणत नाही, तोच तर आमचा धंदा आहे. म्हणजे त्या नऊ दिवसांसाठी डिझेल लागणारच, आणि लागणार तर पूर्ण निम्म्या विजेचं लागणार. पूर्ण डिझेल बसवलंच आहे, तर एवढ्या बॅटऱ्या कशाला? जनरेटर चालू होईपर्यंतची दहा मिनिटं सांभाळतील एवढ्या ठेवू. बाकीच्या दुसऱ्या टप्प्यात बघू. तसाही बॅटऱ्यांना यायला सव्वा वर्ष लागतं, जनरेटर दोन महिन्यांत मिळतात, आणि उद्घाटनाची तारीख ठरलेली आहे.

मी विचारलं, आणि दुसरा टप्पा येईपर्यंत रोज रात्री काय. साहेब म्हणाले, रोज रात्री जनरेटर, तात्पुरते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नमुना वर्षावर गप्प बसले असते तर चौदा पेट्या आल्या असत्या. नऊ दिवसांत इमारत एकदा अडखळली असती, चार लोक ओरडले असते आणि मग कुणीतरी शहाणपणाने म्हटलं असतं की अशा दिवसांत काम कमी करा. खरं सांगायची घाई मला झाली. दादाच्या वहीचा पुरावा मी माझ्या बाजूने म्हणून नेला आणि तो दुसऱ्या बाजूने वाचला गेला.

पण एवढ्यावर थांबले असते तरी दादा वाचला असता. यापुढे जे झालं ते फक्त आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचलं असतं.

नकाशात दोन तऱ्हेच्या रेघा असतात. अखंड रेघ म्हणजे बांधायचं. तुटक रेघ म्हणजे पुढे कधीतरी. आमच्यात सगळ्यांना माहीत असतं की तुटक रेघेच्या जागेवर एकदा दुसरं काही बसलं की ते 'पुढे कधीतरी' मेलं. माझे पहिले वरिष्ठ मला सांगायचे, वस्तू कापली तर कापू दे, जागा सोडू नकोस. जागा राहिली तर वस्तू परत येते. सव्वीस वर्षं मी हे देवाच्या नावासारखं जपलं आहे.

साहेबांनी सुचवलं की बॅटऱ्या येत नाहीत तर मधली जागा मोकळीच आहे, सहा मोठे जनरेटर तिथेच बसवू. माझं डोकं फिरलं. चौदा पेट्या गेल्या आणि आता त्यांची जागाही डिझेलला द्यायची? तीन दिवस मी भांडले. परवानगी बॅटऱ्यांवर मिळाली आहे, हे कागद काढून दाखवलं. जागाच राहिली नाही तर दुसरा टप्पा कुठे करणार आणि परवानगीवाल्यांना काय तोंड दाखवणार, असं विचारलं. एकदा तर टेबलावर हात आपटला, आणि तो मलाच लागला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी चष्मा पुसला, पण या वेळी कापलं नाही. म्हणाले, ठीक आहे, जागा तुमची. मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले. चौदा पेट्या नकाशात राहिल्या, तुटक रेघेत का होईना.

पुढच्या आठवड्यात सुधारलेला नकाशा माझ्या टेबलावर आला. सहा जनरेटर कुठेतरी जायलाच हवे होते. पुढे फाटक आणि कचेरी. एका बाजूला वीज कंपनीच्या तारा येतात. दुसऱ्या बाजूने इमारत थंड होण्यासाठी हवा आत ओढते, आणि यंत्रांना धुरकट हवा चालत नाही. राहिली मागची भिंत. भिंतीपासून नऊ मीटरवर दादाची गच्ची.

नियम बघितले. बॅटऱ्या आग धरू शकतात म्हणून त्या घरांपासून तीस मीटर दूर ठेवाव्या लागतात. जनरेटरला तसं अंतर नाही, धुराडं ठरावीक उंचीचं असलं की झालं. जी वस्तू धूर सोडत नाही तिला लांब राहायचं बंधन, आणि धूर सोडणारी खुशाल शेजारी येऊन बसू शकते. सगळ्यांपासून लांब अशी मैदानात एकच जागा होती, मधली. ती मी राखून ठेवली होती.

मी त्याच क्षणी उठून जाऊन म्हणू शकत होते की घ्या ती जागा, जनरेटर तिथे ठेवा. साहेब कदाचित हसले असते, पण हो म्हणाले असते. मी गेले नाही. वर्षभरात बॅटऱ्या येतीलच, असं स्वतःला सांगितलं. धुराडी उंच आहेत, असं सांगितलं. फेरफार किरकोळ समजला जातो, पुन्हा सुनावणी लागत नाही, आता कुठे सगळं उकरायचं, असंही सांगितलं. खरं कारण एवढंच की तीन दिवस भांडून मिळवलेली जागा पुढच्याच आठवड्यात परत करायला जीभ उचलली नाही. बाकीचं सगळं मी नंतर जुळवलं. खाली 'आराखडा करणार' अशी चौकट होती, तिच्यात सही केली. दादाला कळवलं नाही. येतीलच बॅटऱ्या, उगाच कशाला त्याच्या जिवाला घोर.

उद्घाटन ठरल्या तारखेला झालं. मग सहा महिने मी दादाकडे गेले नाही. फोन करायचे, तो म्हणायचा, ठीक आहे. दादाचं 'ठीक आहे' कसं असतं हे मला लहानपणापासून कळतं, म्हणून मी दुसरा प्रश्न विचारत नव्हते. शेवटी वहिनीचा फोन आला. "वन्सं, एकदा सकाळच्या या," एवढंच बोलली.

सकाळी साडेसातला गेले. गल्लीच्या तोंडाशी आवाज सुरू झाला आणि दादाच्या जिन्यापर्यंत वाढत गेला. हेडबाई दारात उभ्या होत्या. सगळ्या खिडक्या बंद आणि फटींना कापडाच्या पट्ट्या. मी नमस्कार केला. त्यांनी तो घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. उदाहरण आता मिळालं."

दादा गच्चीवर होता. ओल्या फडक्याने दोर पुसत होता. एका टोकाकडून पुसत गेला, फडकं उलटून बघितलं, काळं झालं होतं, बादलीत पिळलं आणि दुसरा दोर धरला. भिंतीपलीकडून सहा धुराडी आमच्या डोक्यांच्या थोडी वर आली होती. वारा आमच्याकडेच होता. वहिनीने मला एक वाळलेली चादर उलगडून दाखवली. मोहरी सांडावी तसे ठिपके होते. आदल्या दिवशीची, तिसऱ्यांदा धुतलेली. ऊन चढून पॅनेलांनी भार घेतला की साडेआठ-नऊला जनरेटर बंद होतात, पण धूर काय घड्याळ बघून जात नाही, आणि संध्याकाळ झाली की पुन्हा चालू. आभाळ असेल त्या दिवशी तर बंदच होत नाहीत. दुपारी मात्र पॅनेल इतकी वीज करतात की निम्मी बंद ठेवावी लागतात, कारण ती साठवायला काही नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दादाचं लक्ष मैदानाकडे गेलं. जनरेटरच्या मागे, पॅनेलांच्या रांगांच्या मधोमध एक चौकोन कोरा होता. खडी पसरलेली, चार कोपऱ्यांवर खुंट्या, त्यांना पिवळी फीत, आणि 'राखीव' असा बोर्ड. खडीतून गवत आलं होतं. त्यात एक कुत्रं झोपलं होतं.

"ते मोकळं कशासाठी ठेवलंय?" दादाने विचारलं.

"बॅटऱ्यांची जागा आहे ती."

"मग ही मशिनं तिथेच का नाही ठेवली? तिथून आमच्यापर्यंत एवढं आलं नसतं."

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. दादाला टोमणे मारता येत नाहीत. बावीस वर्षं कारण लिहिणारा माणूस, त्याला कारण हवं होतं.

"ठेवणार होते," मी म्हटलं. "मी ठेवू दिली नाहीत."

वहिनी चादरीची घडी घालता घालता थांबली.

"का गं?" दादाने विचारलं.

"जागा गेली असती तर बॅटऱ्या कधीच आल्या नसत्या. म्हणून राखली."

 दादाने वहिनीच्या हातातलं चादरीचं दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून घडी घातली आणि ती पुन्हा धुवायच्या ढिगावर ठेवली.

"लहानपणी तू खोटं बोलायला जायचीस आणि पकडली जायचीस," तो म्हणाला. "या वेळी सगळं खरंच बोललीस. नऊ दिवससुद्धा खरेच होते."

मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी जिना उतरले तेव्हा वहिनी चहा टाकते म्हणाली, आणि तिने तो टाकला, आणि मी तो प्याले. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर मी साहेबांकडे गेले. घ्या ती जागा, जनरेटर तिकडे हलवा, असं सांगितलं. साहेब म्हणाले, आता पाया घातला आहे, तेलाच्या नळ्या टाकल्या आहेत, आणि तुम्हीच तर म्हणाला होतात की ती जागा गेली तर परवानगी अडचणीत येईल. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. मी दुसऱ्या टप्प्याचं विचारलं. तो दुसऱ्या गावच्या प्रकल्पानंतर बघू, असं उत्तर मिळालं.

दादाने कपडे वाळवायचं मोठं विजेचं यंत्र बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, घे, मी बघते बाकीचं. त्यासाठी जास्तीचा वीजजोड लागणार होता. वीज कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं, की या भागात वाढीव भार उपलब्ध नाही. तो भार कुठे गेला हे दादाने विचारलं नाही. भिंतीपलीकडे दिवे लागतातच रोज. पुढच्या महिन्यात इस्पितळाने काम दुसरीकडे दिलं.

आणि आता परवा साहेबांनी मला बोलावलं. दुसऱ्या गावचा आराखडा सुरू झाला आहे. कंपनीच्या वार्षिक अहवालात दादाच्या वहीचा फोटो छापला होता, खाली 'स्थानिक ज्ञानाचा आदर' असं लिहून. वरच्या लोकांना ते फार आवडलं. आता त्यांना या जागेची पूर्ण तेवीस वर्षांची नोंद हवी होती, नव्या आराखड्याला आधार म्हणून. शेवटचं एक वर्ष तेवढं राहिलं होतं. साहेब म्हणाले, तुमचे बंधूच आहेत, तुम्हीच घेऊन या. नाही म्हणता येत होतं. मी हो म्हटलं.

गेले तर गच्चीवर दोर नव्हते. गुंडाळून जिन्याच्या खिळ्याला अडकवले होते. दादा खाली कुणाचे तरी दोन शर्ट इस्त्री करत होता. मी का आले, हे त्याने विचारलं नाही; मी सांगितल्यावर कपाटातून वही काढली आणि फडक्याने पुसून माझ्या हातात दिली.

"घेऊन जा. आता लागत नाही."

ती मी घरी आणून उघडली. पहिले काही महिने नेहमीसारखे. वाळलं. वाळलं. ओलं, पाऊस. मग उद्घाटनाची तारीख. त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, 'वाळलं. परत धुतलं.' त्याच्या खाली पुन्हा तेच, आणि त्याच्या खाली तेच, पानंच्या पानं, सुबक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. आणि बावीस वर्षांत काम अडलेल्या दिवशी जो रकाना त्याने एकदाही सोडला नव्हता, सासरे वारले तेव्हासुद्धा, तो कारणाचा रकाना कोरा होता. त्याला कारण माहीत नव्हतं असं नाही. ते मी त्याला गच्चीवर स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. त्यानंतरच्या पानांवरही त्याने ते लिहिलं नव्हतं.

साहेबांचा तक्ता कॉम्प्युटरवर उघडला. तारीख, आणि पुढे एकच प्रश्न, पुरेसं ऊन होतं का. मी एकेक ओळ वहीतून वाचत भरत गेले. वाळलं. परत धुतलं. ऊन होतं. होय. वाळलं. परत धुतलं. ऊन होतं. होय. असे एकशे त्रेचाळीस दिवस मी माझ्या हाताने 'चांगले' म्हणून घातले, आणि त्यात एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना होता. दादाने तो मोकळा सोडला होता. मीही सोडला.